मागचा शोध लक्षात ठेवणारी शोधपेटी : मदत हवी (आणि थोडी कबुली)

अर्धवट_अभियंता | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, आधी घोटाळा सांगतो, मग प्रश्न विचारतो.

माझ्या मावसभावाचं नाशिकजवळ पिंपळगावकडे कृषी सेवा केंद्र आहे. गिऱ्हाईक बहुतेक द्राक्षवालं, थोडं कांदा-टोमॅटोवालं. गोडी छाटणी (द्राक्षाची फळासाठीची छाटणी) झाली की त्याचा फोन दिवसभर वाजतो आणि प्रश्न तेच ते. म्हणून गेल्या वर्षी मी त्याला एक छोटं ॲप करून दिलं. त्याची वर्षानुवर्षांची टिपणं, औषधांची लेबलं, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी असं सगळं आत भरलं आणि वर एक शोधपेटी ठेवली. मी दिवसा अंबडला भलतंच काम करतो. हे रात्रीचं, हौसेचं.

महिन्याभराने लॉग (कोणी कधी काय शोधलं त्याची नोंद) उघडून बघितला. एका शेतकऱ्याची एक संध्याकाळ जशीच्या तशी देतो:

७:०२ भुरी
७:०३ औषध
७:०५ प्रमाण
७:०५ किती
७:०६ १०० लिटरला किती
७:०८ (ॲप बंद)

'भुरी' या रोगाला पेटीने बरोबर पान दाखवलं. 'औषध' म्हटल्यावर दुकानातली यच्चयावत औषधं अकारविल्हे. आणि 'प्रमाण' म्हटल्यावर सगळ्यात वर काय? सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र कसं काढावं! तो माणूस एकच प्रश्न हप्त्याहप्त्याने विचारत होता आणि माझी पेटी दर हप्त्याला त्याला नव्याने 'आपण कोण?' म्हणत होती.

मग मी शहाणपणा केला. मागचे तीन शोध नव्या शोधाला जोडायचे आणि सगळं मिळून एक शोध समजायचा. दोन ओळींचा कोड. आठवडाभर झकास चाललं. 'प्रमाण'चं 'भुरी औषध प्रमाण' झालं, लोक खूश, मावसभाऊ खूश, माझी कॉलर ताठ.

नवव्या दिवशी मावसभावाला फोन आला. गिऱ्हाइकाने सकाळी छाटणीनंतरच्या बोर्डोबद्दल (बुरशीवरचं मिश्रण) शोधलं होतं. दुपारी त्याच फोनवरून शोधलं 'करपा', हा रोग बऱ्याच पिकांवर येतो. त्याला हवा होता कांद्यावरचा. पेटीने सकाळचं द्राक्ष मनात धरून द्राक्षाचा करपा दाखवला आणि त्याखाली एक टक्का बोर्डो. म्हणजे १०० लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. माणूस अनुभवी होता, त्याला संशय आला, म्हणून त्याने विचारलं. नवखा असता तर कांद्याच्या कोवळ्या पातीवर टाकी रिकामी करून मोकळा झाला असता.

त्या रात्रीच जोडणी काढून टाकली. आता पेटी पुन्हा 'आपण कोण?' म्हणते आहे. मागचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. इथे सर्चमध्ये काम करणारे आहेत, शेती करणारेही आहेत. कसं करावं?

*

शब्दवेधी | सोमवार, रात्री ११:०५

वाचून हसू आलं आणि अंगावर काटाही. तुम्ही दोन ओळींत उरकलंत त्यावर लोकांनी उभी हयात घालवली आहे.

थोडा पूर्वेतिहास सांगतो, कामाचा आहे. कॉर्नेल विद्यापीठात जेरार्ड सॉल्टन यांच्या 'स्मार्ट' नावाच्या प्रकल्पात रोकियो यांनी एक पद्धत मांडली, ती १९७१ मध्ये छापून आली. शोधाचे निकाल बघून वापरणाऱ्याने सांगायचं, हे कामाचं, हे बिनकामाचं. मग यंत्र मूळ प्रश्नालाच कामाच्या कागदांकडे थोडं सरकवतं आणि बिनकामाच्यांपासून थोडं लांब नेतं. मूळ प्रश्न जागेवर राहतो, फक्त त्याचा कल बदलतो. तुमचं चुकलं ते इथेच. तुम्ही मागचे शोध नव्याच्या बरोबरीने बसवलेत. त्यांना मागच्या बाकावर बसवा.

म्हणजे असं. 'प्रमाण' या शोधाला जी पानं लागतात तेवढीच घ्यायची. त्यांचा क्रम लावताना चालू शोधाला वजन १, आधीच्याला ०.४, त्याआधीच्याला ०.१६. आकडे वाटेल ते घ्या, उतरते हवेत. मग प्रमाणपत्राचं पान खाली जाईल आणि भुरीच्या प्रमाणाचं वर येईल.

आणखी एक. नुसते मागचे शोध धरू नका, त्या शोधांनंतर त्याने काय उघडलं तेही धरा. २००५ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या मंडळींनी नेमकं हे तपासलं होतं. मागच्या शोधांपेक्षा, ज्या निकालांवर क्लिक केलं त्यांच्या सारांशाने जास्त फायदा झाला. साहजिक आहे. शोधात माणूस अंदाजाने शब्द टाकतो, क्लिक करताना मात्र तो वाचून निवडतो.

*

अर्धवट_अभियंता | सोमवार, रात्री ११:३१

@शब्दवेधी, धन्यवाद. आत्ताच कागदावर करून बघितलं. 'प्रमाण'चा प्रश्न सुटतो. पण 'करपा'चा? करप्याची माझ्याकडे तीन पानं आहेत: द्राक्ष, कांदा, टोमॅटो. सकाळच्या द्राक्षाचं वजन ०.४ धरा नाहीतर ०.०४ धरा, तिन्ही पानं 'करपा'ला सारखीच लागत असतील तर एवढ्याशा वजनानेही द्राक्षच वर येणार. झुकवलं काय आणि जोडलं काय, पारडं रिकामं असेल तर चिमूटभर मीठही ते खाली नेतं.

*

शब्दवेधी | सोमवार, रात्री ११:४४

बरोबर पकडलंत. तिथे वजनाचा उपयोग नाही. तिथे हे ठरवावं लागतं की सकाळचा विषय अजून चालू आहे का. त्याला 'सेशन'ची हद्द म्हणतात आणि खरी मारामारी तिथेच आहे. वहिवाटीचा उपाय म्हणजे वेळ. अर्धा तास काही हालचाल नाही, सेशन संपलं. हा अर्धा तास कुठून आला तर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात ब्राउझर वापरणाऱ्यांच्या नोंदी तपासून साडेपंचवीस मिनिटांचा आकडा काढला होता. पुढे तो गोल होऊन तीस झाला आणि सगळीकडे चिकटला.

*

बागाईतदार | मंगळवार, पहाटे ५:२०

धागा रात्रीच वाचला, पण लाईट आली म्हणून मोटर चालू करायला गेलो. आता लिहितो.

तुमच्या अर्ध्या तासाचं आमच्याकडं काही खरं नाही भाऊ. मी घरात भुरीचं बघतो. मग मळ्यात जातो, पानं उलटी करून बघतो. मग फवारणीचा ब्लोअर जोडतो, टाकी भरतो. ६०० लिटरची टाकी भरायलाच किती वेळ जातो ते तुमच्या जॉर्जियावाल्यांना विचारा. टाकीजवळ उभा राहून मग फोन काढतो आणि विचारतो, 'किती'. दोन तास झालेले असतात. पण प्रश्न तोच आहे. माझ्या डोक्यात तो कुठं संपलाय?

आणि उलट पण होतं. जेवताना द्राक्षाचं बघत असतो, शेजारून वडील म्हणतात कांद्याला काय मारायचं बघ. एका मिनिटात पीक बदललं.

घड्याळावर नका जाऊ.

अजून एक. तुमच्या पेटीचं सोडा, मोठ्या सर्चमध्ये मी एकदा 'सीसीसी' टाकलं. मला पाहिजे होतं क्लोरमेक्वाट क्लोराईड, वेलीची वाढ रोखणारं रसायन, आमच्यात त्याला सीसीसीच म्हणतात. २०१० ला युरोपात द्राक्षात त्याचेच अंश सापडले म्हणून कंटेनर अडकले होते. तेव्हापासून हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. तर सर्चनं मला काय दाखवलं? कॉम्प्युटरचा कोर्स. मग मी आधी 'द्राक्ष रेसिड्यू' शोधलं, त्यातलं एक पान उघडलं, आणि परत 'सीसीसी' टाकलं. बरोबर आलं. तेव्हा वाटलं, गड्याला कळतंय की. पण हे मी त्याला शिकवलं का त्याला आधीच येत होतं, ते नाही माहिती.

ॲपची लिंक द्या, वापरून बघतो.

*

नाशिकरोडची_पोर | मंगळवार, सकाळी ९:१५

बागाईतदारकाका, मोटर चालू करून आल्यावर पाच वाजता इतका मुद्देसूद प्रतिसाद! मी तर अजून पहिल्या चहावर आहे.

मोठ्या सर्चला हे येतं. गूगलने स्वतःच दिलेलं उदाहरण आहे: तुम्ही आधी 'बार्सिलोना विरुद्ध आर्सेनल' शोधलंत आणि मग नुसतं 'बार्सिलोना', तर बहुधा तुम्हाला फुटबॉल क्लब हवाय, शहर नको. २००९ च्या डिसेंबरात गूगलने लॉगिन न केलेल्यांनाही कुकीवरून (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण) १८० दिवसांच्या शोधांप्रमाणे निकाल द्यायला सुरुवात केली होती. पण पुढे, २०१८ मध्ये, त्यांच्याच लोकांनी सांगितलं की आता तसलं फारसं करत नाही, मुख्यतः माणूस कुठे आहे आणि लगेच आधी काय शोधलं एवढंच बघतो. म्हणजे सहा महिन्यांवरून मागच्या शोधावर आले. मला हे फार बोलकं वाटतं.

आपल्या गावात तर याची गरजच आहे. 'पंचवटी' म्हणजे रामकुंडाकडची की मुंबईला नेणारी एक्स्प्रेस? 'गंगापूर' म्हणजे आपलं धरण की संभाजीनगर जिल्ह्यातला तालुका? 'कुंभ' टाका, एकाला राशिभविष्य, दुसऱ्याला २०२७ चा कुंभमेळा. गंमत म्हणजे आपल्याकडच्याला सिंहस्थ म्हणावं तर ती पण रासच! आधी 'रामकुंड पार्किंग' शोधलेलं असलं की गाडी रुळावर येते.

बाकी, आता चॅटबॉटला विचारलं की तो मागचं सगळं धरूनच बोलतो. पेटी काढा आणि तोच लावा की.

*

खवचट | मंगळवार, सकाळी ११:०२

म्हणजे थोडक्यात, धागाकर्ते लोकांचे लॉग रात्री बसून वाचतात. वा!

एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीची २००६ ची गोष्ट ऐकली असेलच. संशोधकांना उपयोग व्हावा म्हणून त्यांनी तीन महिन्यांचे सुमारे दोन कोटी शोध खुले केले, साडेसहा लाख लोकांचे. नावं काढली होती, प्रत्येकाला आकडा दिला होता. पण एका आकड्याखाली त्या माणसाचे सगळे शोध ओळीने होते. काही दिवसांतच पत्रकार त्या आकड्यांवरून एका आजीबाईंच्या दारात उभे. एकेक शोध सुटा ठेवला असता तर काही कळलं नसतं. ओवले म्हणून कळलं. तुम्ही जो 'संदर्भ' म्हणताय ना, तो हाच.

मी गुप्त खिडकीतच (इन्कॉग्निटो) शोधतो. कटकट नाही.

*

शब्दवेधी | मंगळवार, दुपारी १:४०

@खवचट, एओएलचा मुद्दा अगदी योग्य. गुप्त खिडकीचा मात्र अर्धाच. ती खिडकी बंद करेपर्यंत तिच्यातल्या कुकी जिवंत असतात. एकाच गुप्त खिडकीत सकाळपासून शोधत बसलात तर मागचा शोध पुढच्याला दिसू शकतोच. आणि तुम्ही साधारण कुठे आहात ते तर आयपीवरून (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) कळतंच.

@नाशिकरोडची_पोर, चॅटबॉट काय करतो तर मागचं संभाषण बघून तुमचा अर्धा प्रश्न पुरा लिहून घेतो आणि मग तो शोधतो. 'किती?' चं 'द्राक्षावरील भुरीसाठी गंधकाचं प्रमाण किती?'. पद्धत उत्तम आहे. पण ते पुनर्लेखन तुम्हाला दिसत नाही. 'करपा'चं त्याने मनात 'द्राक्षावरील करपा' केलं तर तुम्हाला कळणार कसं? वर तो बोलतो इतका गोड की शंका यायचीच नाही. अर्धवटरावांच्या पेटीची चूक निदान ढळढळीत दिसली.

याच विषयावर २०१० ते २०१४ पाच वर्षं ट्रेक नावाच्या परिषदेत स्पर्धाच चालायची, सेशन ट्रॅक. एका माणसाचे ओळीने शोध आणि क्लिक द्यायचे आणि शेवटच्या शोधाचे निकाल सुधारून दाखवायला सांगायचे. त्यात एक ध्यानात येतं, की दोन शोधांमधला फरक हीसुद्धा माहिती असते. काय तसंच राहिलं, काय नवं आलं, काय गळलं. 'भुरी औषध' नंतर 'भुरी औषध स्वस्त' आलं तर भुरी पक्की, पहिली औषधं महाग वाटली. तुमच्या शेतकऱ्याच्या 'किती' नंतर '१०० लिटरला किती' आलं, म्हणजे आधीचं उत्तर त्याला पटलं नाही. तेवढा सूर तुमच्या लॉगला ऐकू यायला हवा होता.

*

वाचनालयवाली | मंगळवार, सायंकाळी ५:५५

मला कोड कळत नाही, पण हा धंदा मी पस्तीस वर्षं केला. नाशिकमधल्याच एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर.

माणूस येतो आणि म्हणतो, "इतिहासाचं काहीतरी द्या." त्याला इतिहासाचं काहीतरी कधीच नको असतं. त्याला पालखेडची लढाई हवी असते, कारण मुलाच्या शाळेत काहीतरी आहे. हे तिसऱ्या वाक्याला कळतं. तुमच्या त्या भुरीवाल्यासारखंच, हप्त्याहप्त्याने.

नेहमीच्या वाचकांचं मागचं पुस्तक माझ्या लक्षात असायचं. सुरुवातीला मी फार हुशारी करायचे. मागच्या वेळी प्रवासवर्णन नेलं ना, मग आल्याबरोबर दुसरं प्रवासवर्णन काढून ठेवायचे. एकदा एक गृहस्थ गप्पच उभे राहिले. म्हणाले, "ताई, ते पुस्तक बायकोसाठी होतं. ती गेली मागच्या महिन्यात." त्या दिवसापासून मी सवय बदलली. मागचं आठवायचं, पण आधी विचारायचं: "तेच पुढे चालू, की आज दुसरं?" सहा शब्द. ते विचारायला मला कधी कमीपणा वाटला नाही आणि वाचकालाही कधी त्रास झाला नाही.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यात चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा. तुमची ती जोडणी वेळ वाचवायलाच होती, हे मान्य. पण चुकीचं पुस्तक घेऊन माणूस घरी गेला की त्याची पूर्ण संध्याकाळ जाते.

कार्डावर मागच्या पुस्तकांची नावं असायची म्हणून ती कार्डं आम्ही टेबलावर उघडी ठेवायचो नाही, हे @खवचट यांच्यासाठी.

*

बागाईतदार | मंगळवार, रात्री ८:३०

ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला.

आमच्या गावातला जुना दुकानदार पण हेच करायचा. काउंटरवर गेलं की मान वर न करता विचारायचा, "कशावर?" पीक कळल्याशिवाय कपाटाला हातच लावायचा नाही. मी म्हणायचो, अहो नाना, मी द्राक्षवाला आहे, तीस वर्षं येतोय. तरी विचारायचा, "कशावर?"

आणि खवचटभाऊंचं पण खरंय. माझ्या बागेत डावणी रोग आला हे व्यापाऱ्याला कळलं तर माल बघायला यायच्या आधीच भाव पडतो. तुमचा लॉग मला चालेल, पण तो दुकानातून चहाच्या टपरीवर जाता कामा नये.

फोनचं पण बघा. आमच्या घरात एकच चांगला फोन आहे. दिवसा माझ्याकडं, रात्री पोराकडं. तो दहावीला आहे. माझ्या भुरीवरून त्याला काय काय दाखवाल देव जाणे.

*

अर्धवट_अभियंता | मंगळवार, रात्री ११:५०

आज ऑफिसात कामात लक्ष नव्हतं, खरं सांगतो. तुमचे प्रतिसाद वाचून लॉग वेगळ्या नजरेने चाळला. (हो खवचटराव, पुन्हा वाचला. शेवटचा.)

शोध तीन जातीचे दिसले.

एक, लोंबकळणारे. 'किती', 'प्रमाण', 'औषध', 'कधी मारायचं', 'पाऊस आला तर'. यांना स्वतःचा पाय नाही, मागच्याचा हात धरल्याशिवाय उभेच राहत नाहीत. दोन तासांनी आले तरी मागच्याचेच असतात. असे शब्द मोजून चाळीस-पन्नास निघतील, हाताने यादी करता येते.

दुसरे, अदलाबदलीचे. यांच्यात आपली मराठी फार सोय करून देते. 'आणि टोमॅटोला?' या दोन शब्दांत सगळं आहे. 'आणि' सांगतो की मागचं चालू ठेव, 'ला' सांगतो की फक्त पीक बदल. 'त्यावर', 'ह्याच्यासोबत', 'मग' हेसुद्धा तसेच. इतके दिवस मी असले शब्द बिनकामाचे म्हणून शोधाआधी गाळून टाकत होतो! पुस्तकात तसंच सांगितलं होतं. नेमक्या त्या शब्दांत माणूस मला सांगत होता की मागचं धर, आणि मी ते केरात टाकत होतो.

तिसरे, स्वतःच्या पायावर उभे. 'करपा', 'डावणी', 'फुलकिडे'. यांचं नाव पुरेसं वाटतं पण पीक कळत नाही. चावणारे तेच. नुसता 'करपा' आला की वजनं-बिजनं काही नाही, विचारायचं: कशावर?

म्हणजे मागचा शोध पहिल्या जातीला हवाच, दुसरीला अर्धा हवा, आणि तिसरीला तो फक्त प्रश्न विचारण्यापुरता. मी तिघांना एकच औषध मारत होतो.

*

शब्दवेधी | बुधवार, सकाळी ८:१०

गाळलेल्या शब्दांचा मुद्दा लाखमोलाचा. सुट्या शोधात 'आणि' हा कचरा, ओळीतल्या शोधात तोच दुवा. एक सावधगिरी: सामान्यरूपं नीट सोडवा. 'कांदा' आणि 'कांद्याला' एकच पीक आहे हे पेटीला कळलं नाही तर अदलाबदल होणारच नाही.

*

खवचट | बुधवार, सकाळी १०:३०

तुम्ही फारच लवकर सुधारता राव, भांडायला मजा येत नाही. लॉगचं काय केलंत?

*

अर्धवट_अभियंता | रविवार, दुपारी ४:००

चार रात्री गेल्या. आता काय आहे ते सांगतो.

मागचे शोध सर्व्हरवर येतच नाहीत, फोनमध्येच राहतात आणि मध्यरात्री पुसले जातात. मला फक्त कुठले शोध रिकाम्या हाताने परतले ते दिसतं, कोणाचे ते नाही. मावसभाऊ थोडा हिरमुसला, त्याला कोण काय शोधतंय ते बघून माल भरायचा होता. त्याला म्हटलं, गिऱ्हाइकाला विचार.

शोधपेटीच्या खाली एक पट्टी येते: 'द्राक्ष, भुरी' आणि शेजारी फुली. पेटी मनात काय धरून चालली आहे ते उघड दिसतं. फुली मारली की विसरली. शोध लोंबकळणारा असेल आणि मध्ये तासाभराहून जास्त वेळ गेला असेल तर ताईंचा प्रश्न येतो, शब्दशः: 'तेच पुढे चालू, की आज दुसरं?' आणि रोगाचं नाव एकटं आलं की मोठ्या अक्षरांत 'कशावर?'. खाली पिकांची चित्रं. नाना दुकानदारांना मानधन द्यायला हवं.

सगळ्यात महत्त्वाचं मावसभावाने सुचवलं. प्रमाणाचं पान मागच्या शोधावरून उघडलं असेल तर आकडा आधी झाकलेला असतो. वर पीक आणि रोग दिसतो, त्यावर बोट ठेवलं की मग आकडा. एक टिचकी जास्त. लोक कुरकुरतील असं वाटलं होतं. दोघं कुरकुरले.

चाचणीला तयार झालेल्या एकाने त्याच्या फोनवरची ओळ स्वतःहून पाठवली, त्याच्या परवानगीने देतो:

६:४० भुरी
६:४० (कशावर? द्राक्ष)
६:४१ औषध
८:५५ किती
८:५५ (तेच पुढे चालू)
८:५६ आणि टोमॅटोला
८:५७ मिसळ

शेवटच्या ओळीपर्यंत सगळं सुरळीत. 'मिसळ' लोंबकळणाऱ्यांच्या यादीत आहे, म्हणजे एका टाकीत कशासोबत काय मिसळायचं. त्यामुळे पेटीने भुरीच्या पानावरून उत्तर दिलं: गंधक आणि तेल असलेली औषधं एकत्र मिसळू नयेत. आता मला कळत नाहीये हे बरोबर धरायचं की चूक.

*

नाशिकरोडची_पोर | रविवार, दुपारी ४:२०

रात्री नऊला? नाशिक जिल्ह्यात? टाकीतली असूच शकत नाही.

*

बागाईतदार | रविवार, रात्री ९:१०

ती ओळ माझी आहे. खायचीच होती. नकाशात टाकायचं ते चुकून तुमच्या पेटीत टाकलं.

पण उत्तर वाचून उठलो आणि शेडमध्ये जाऊन बघितलं. पोरानं सकाळसाठी गंधकाची पिशवी आणि कडुनिंबाच्या तेलाचा डबा शेजारीशेजारी काढून ठेवला होता. डबा परत आत ठेवला.

मिसळ दुसऱ्या दिवशी खाल्ली.